एक वर्ष पाहू



गेल्या बैठकीत हप्ते जमा झाले आणि विषय निघाला आमच्यातल्याच एकीच्या लेकीचा. पोरगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. तिला एम.एस्सी. करायचंय, पुढं विद्यापीठात शिकवायचंय. घरचे नाही म्हणत नाहीत, "एक वर्ष पाहू" म्हणतात. आम्हा बऱ्याच जणींना ते बरोबरच वाटलं. मग गटातल्या एका निवृत्त बाईंनी कमला सोहोनींची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

कमलाबाई माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११ चा. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबईत बी.एस्सी. झाल्या, मार्क उत्तम, आणि त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला, मुलगी आहे म्हणून. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. गांधीजींचे दिवस होते, त्यांनीही सत्याग्रहच केला म्हणा ना. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं. संचालकांचं समाधान झालं तरच काम धरायचं. आणि त्यांच्यामुळं मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! मुलांचं लक्ष मुलांनी सांभाळावं, असं आम्हाला तरी वाटतं.

म्हणजे "एक वर्ष पाहू" त्यांच्याही वाट्याला आलंच. त्यांनी ते वर्ष निभावलं, आणि पुढं तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत, म्हातारपणीही बोलून दाखवत.

बंगळूरला त्यांनी अभ्यास केला दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा. म्हणजे आपल्या चुलीवरचाच विषय. मग केंब्रिजला गेल्या. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम सी सापडलं. अन्नातून शक्ती काढायला पेशीला ते लागतं. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या.

त्या काळात आपलं टेंभुर्णी निजामाच्या राज्यात होतं. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं ते १९५८ मध्ये.

कमलाबाईंनी आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायन विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या, विद्यार्थी घडवले. त्यांच्याकडं कडधान्यांवर बरंच काम झालं. कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, शिजवल्यावर त्यांचा जोर बराच कमी होतो. मटकी कच्ची का खाऊ नये, याचं उत्तर आपल्या आजीकडं होतं, पण कारण प्रयोगशाळेतून आलं. नीरेवरही त्यांनी काम केलं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती देऊन पाहिली. त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. एवढं करूनही संस्थेचं संचालकपद मिळायला चार वर्षं थांबावं लागलं, असं सांगतात. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीच्या 'कीमत' मासिकात भेसळीवर लिहीत राहिल्या.

आता आपल्या पोरीचं. एम.एस्सी.ला ५५ टक्के, राखीव गटाला ५० टक्के, मग नेट किंवा सेट परीक्षा. सेटला बसायला वयाची अट नाही, म्हणजे लग्नानंतरही देता येते. पण पास झाली की लगेच कायमची जागा मिळते असं नाही. कित्येक जणी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, जेवढे तास तेवढेच पैसे. पोरीच्या बापाची काळजी इथंच आहे, आणि ती खोटी नाही. आम्ही हे सगळं त्यांच्यासमोर मांडलं.

पोरीनं एकच विचारलं, "पाहायचं म्हणजे कोणी पाहायचं, आणि काय दिसलं की पास?"

तिची प्रवेश फी गटातून कर्जाऊ द्यायची का, ते येत्या बैठकीत ठरेल.