स्थलनामांतून बेलग्रेडचे दर्शन

सावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या संगमावर वसलेली सर्बियाची राजधानी केवळ जुन्या वास्तूंसाठी पाहू जाणाऱ्याच्या पदरी काहीशी निराशा येते. वारंवार सत्तांतरे सोसलेल्या या नगरात अशा वास्तू थोड्याच उरल्या आहेत. त्याचा इतिहास शोधावयाचा तो स्थलनामांत.

‘बेओग्राद’ म्हणजे ‘धवलनगर’. हे नाव स्लाव्ह होय. १५२१ मध्ये नगर उस्मानी सत्तेखाली गेले आणि त्यावर तुर्की नावांचा थर चढला. किल्ल्याभोवतीच्या उद्यानास आजही ‘कालेमेग्दान’ म्हणतात. तुर्कीतून आलेली ही दोन पदे आपल्या ‘किल्ला’ आणि ‘मैदान’ या शब्दांची सगोत्र आहेत. तेथून दक्षिणेस गेल्यावर ‘तेराझिये’ हा चौक लागतो. नळाच्या पाण्याचा दाब राखण्यासाठी तेथे जो मनोरा होता त्यास तुर्कीत ‘पाण्याचा तराजू’ म्हणत. मनोऱ्याच्या जागी १८६० मध्ये कारंजे आले. नाव तराजूचेच राहिले.

जून १८६२ मध्ये एका सार्वजनिक पाणवठ्यावरील झटापटीनंतर किल्ल्यावरून नगरावर तोफा डागल्या गेल्या. त्याच वर्षी झालेल्या करारानुसार मुसलमान रहिवाशांना नगर सोडावे लागले. १८६७ मध्ये उस्मानी शिबंदीही निघून गेली. त्या काळच्या मशिदींपैकी आज बायराक्ली ही एकच उभी आहे. बोलणारे गेले, त्यांचे शब्द राहिले.

उलट, राज्यकर्त्यांनी ठरवून दिलेली नावे अल्पायुषी ठरली. तेराझियेहून निघणारा राजा मिलानचा रस्ता दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल टिटोचा झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुन्हा राजा मिलानचा.

आता कसोटी आहे ती ‘सावामाला’ या नावाची. त्यातील ‘माला’ म्हणजे ‘महाला’, आपला मोहल्ला. २०१५ पासून या भागाच्या नदीकाठी ‘बेओग्राद ना वोदी’, म्हणजे ‘पाण्यावरचे बेलग्रेड’, या प्रकल्पाचे उंच मनोरे उभे राहू लागले. एप्रिल २०१६ मध्ये तेथील काही इमारती मुखवटे घातलेल्या माणसांनी एका रात्रीत पाडल्या. त्याविरुद्ध हजारो नागरिक रस्त्यावर उतरले.

जुन्या स्थलनामांना बोलणाऱ्यांच्या नित्य व्यवहाराने तारले होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. सावाकाठची वस्तीच बदलल्यावर ‘मोहल्ला’ म्हणणारे कोण उरतील, यावर त्या शब्दाचे आयुष्य अवलंबून आहे. शिवाय नाव टिकले म्हणजे स्मृती टिकली असेही नव्हे; तेराझियेवरून रोज जाणाऱ्या कितीकांना तो तराजू आठवत असेल?