फर्माची पाचवी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून तयार होते. संख्या सिद्धांतात तिला फर्माची पाचवी संख्या म्हणतात.

फ्रान्समधील तुलूझ येथे न्यायाधीश असलेला पिएर द फर्मा फावल्या वेळात गणित करी. २ चा घातांक म्हणून १, २, ४, ८, १६ या संख्या क्रमाने घेऊन येणाऱ्या घातात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. (क्रम शून्यापासून मोजण्याचा प्रघात असल्याने पुढची, सहावी संख्या ‘पाचवी’ ठरते.) अशी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे मत फर्माने १६४० मध्ये पत्रांतून मांडले, सिद्धता मात्र आपल्यापाशी नाही, हेही त्याने मान्य केले होते.

पुढे गोल्डबाखने १७२९ मध्ये या विधानाकडे लेओनार्ड ऑयलरचे लक्ष वेधले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले, की ही संख्या ६४१ × ६७,००,४१७ एवढी आहे. हे दोन्ही अवयव मूळ आहेत. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकारात उत्तर हाती येते!

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. तसेच ६४१ म्हणजे ६२५ + १६, अर्थात ५ व २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज. ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १ मानता येते. त्याचा चौथा घात घेतला, की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात यांची बाकी १ येते. आता ६२५ च्या जागी उणे १६ ठेवावे. २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला, की भाग निःशेष जातो.

नवल असे, की मूळ संख्या पारखण्याचे साधन फर्मानेच १६४० मध्ये दिले होते. ‘फर्माचे छोटे प्रमेय’ या नावाने ते आज ओळखले जाते. मात्र पाया २ घेतला तर ही संख्या त्या कसोटीतून सहीसलामत सुटते आणि मूळ असल्याचा आभास निर्माण करते. पाया ३ घेऊन ३२ वेळा वर्ग करत, दरवेळी बाकी ठेवत गेले, की शेवटी १ उरत नाही आणि बिंग फुटते. हे काम कष्टाचे असले, तरी कागद-लेखणीने होण्याजोगे आहे.

या संख्यांचा भूमितीशीही संबंध आहे. गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपासने काढता येतो हे दाखवले, ते १७ ही फर्माची मूळ संख्या असल्यामुळेच. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा बहुभुज मात्र तसा काढता येत नाही. याउलट तिच्याहून दोनाने लहान संख्या, म्हणजे पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार, घेतली तर तितक्या बाजूंचा बहुभुज काढणे तत्त्वतः शक्य आहे.

सहावी फर्मा मूळ संख्या अद्याप कोणालाही सापडलेली नाही. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. तेहतिसावीत २५८ कोटींहून अधिक अंक आहेत. ती मूळ की संयुक्त, याचा निर्णय व्हायचा आहे.