सगळे फायनलिस्ट एकाच परीक्षकाचे विद्यार्थी! पॅरिसच्या ऑर्गनवादकांनी गाजवलेल्या एका स्पर्धेची गोष्ट

गाण्याच्या रिॲलिटी शोचा निकाल लागला की कमेंटमध्ये दोन वाक्यं हमखास दिसतात. एक, ‘हे आधीच ठरलेलं होतं.’ आणि दुसरं, ‘यांना परीक्षक केलं कुणी?’

१९०५ साली पॅरिसमध्ये सोशल मीडिया नव्हता, पण वर्तमानपत्रं होती. त्यांनी एका संगीत स्पर्धेच्या निकालावरून नेमके हेच दोन प्रश्न विचारले. मॉरिस रावेल नावाचा, तोवर बऱ्यापैकी नाव झालेला संगीतकार पहिल्याच फेरीत बाद झाला होता. फायनलला गेलेले सहाच्या सहा स्पर्धक एकाच शिक्षकाचे विद्यार्थी निघाले. आणि तो शिक्षक परीक्षक मंडळात बसला होता.

या वादात, आणि त्याच्या आगेमागे झालेल्या वादांत, एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. यातली बरीच मोठी नावं पॅरिसमधल्या एकाच चर्चमध्ये नोकरी केलेली होती. कुणी तिथे ऑर्गन वाजवायचं, कुणी कॉयर सांभाळायचं. चर्चच्या माळ्यावरून देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या परीक्षकाच्या खुर्चीपर्यंत ही माणसं कशी पोहोचली?

स्पर्धा नेमकी कसली होती?

स्पर्धेचं नाव ‘प्री द रोम’, म्हणजे रोमचं पारितोषिक. फ्रान्सचं सरकार चित्रकार आणि शिल्पकारांना हे बक्षीस आधीपासून देत होतं. १८०३ मध्ये त्यात संगीतरचना आली. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोममधल्या व्हिला मेदिचीत राहायला मिळायचं आणि पुढचं करिअर मार्गी लागायचं. वयाची अट ३० वर्षांची.

पहिल्या फेरीत एक फ्यूग आणि एक कॉयरसाठीची रचना लिहायची. फ्यूग म्हणजे एक आवाज छोटी सुरावट सुरू करतो, दुसरा तीच उचलतो, मग तिसरा, चौथा. सगळे एकमेकांच्या मागे धावतात, पण कुणी कुणाच्या पायात पाय अडकवायचा नाही. यातून पुढे जाणाऱ्यांना काही आठवडे जगापासून तोडून एका जागी ठेवायचे आणि दिलेल्या मजकुरावर कांताता, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहून घ्यायचे.

गंमत म्हणजे अंतिम मत फक्त संगीतकारांचं नसे. संगीत विभाग शिफारस करायचा आणि मग ललित कला अकादमीचे सगळे सभासद मतदान करायचे. त्यात चित्रकार, शिल्पकार, वास्तुविशारदसुद्धा आले. म्हणजे फ्यूगचं काही न कळणारा माणूसही संगीतकाराचं भवितव्य ठरवू शकत होता. आजच्या शोमधल्या सेलिब्रिटी परीक्षकांना नावं ठेवताना हे लक्षात असलेलं बरं.

ऑर्गन म्हणजे आपली पायपेटी नव्हे

मराठी वाचकाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचापुढे बसून पायाने भाता मारत वाजवायचा तो रीड ऑर्गन. इथे विषय पाइप ऑर्गनचा आहे. भिंतीएवढं वाद्य, शेकडो-हजारो पाइप, हातांसाठी तीन-चार कीबोर्ड आणि पायांनी वाजवायची वेगळी पट्टी. कोणत्या पाइपांचा गट कधी उघडायचा हेही वादकच ठरवतो. पॅरिसच्या मादलेन चर्चमधला ऑर्गन अरिस्तीद काव्हाये-कोल या नामवंत कारागिराने बांधला, १८४६ मध्ये.

मोठ्या फ्रेंच चर्चमध्ये संगीताची दोन पदं असत. मागच्या माळ्यावरचा मोठा ऑर्गन वाजवणारा एक आणि पुढे वेदीजवळ कॉयर बसवणारा दुसरा. माळ्यावरच्या माणसाला खाली काय चाललंय ते धड दिसत नाही. विधी लांबला तर हातातली सुरावट वाढवायची, आटोपला तर तिथल्या तिथे संपवायची. त्यामुळे आयत्या वेळी रचना करणं हा ऑर्गनवादकाचा रोजचा व्यवहार. पॅरिसच्या कॉन्झर्व्हॅटवारमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी संगीत विद्यालयात, ऑर्गनच्या परीक्षेत दिलेल्या सुरावटीवर जागच्या जागी फ्यूग वाजवून दाखवावा लागे.

चार-चार आवाज एकाच वेळी वेगळे ऐकायचे आणि लगेच निर्णय घ्यायचा, ही सवय वर्षानुवर्षं अंगी मुरलेली असल्यावर दुसऱ्याच्या फ्यूगमधली चूक कागदावरच कळते. परीक्षक म्हणून या मंडळींना मान होता तो यामुळे.

एक चर्च, तीन करिअर

मादलेनच्या मोठ्या ऑर्गनवर १८५८ मध्ये कामिय सँ-साँस आले, तेव्हा ते जेमतेम २२ वर्षांचे होते. हा माणूस लहानपणापासून विलक्षण म्हणून गाजलेला, पण ‘प्री द रोम’ने त्याला दोनदा रिकाम्या हाती परत पाठवलं, १८५२ मध्ये आणि पुन्हा १८६४ मध्ये. दुसऱ्या वेळी परीक्षकांत खुद्द बर्लिओझ होते. सँ-साँस १८७७ पर्यंत मादलेनला राहिले आणि १८८१ मध्ये अकादमीचे सभासद झाले. ज्या स्पर्धेने त्यांना नाकारलं, त्याच स्पर्धेत आता त्यांना मत होतं.

त्यांच्यानंतर ऑर्गनवर बसले तेओदोर द्युब्वा. ते आधी त्याच चर्चमध्ये कॉयर सांभाळत होते. यांनी मात्र ‘प्री द रोम’ १८६१ मध्येच जिंकलेलं. सरळ रेषेतलं करिअर म्हणतात ते असं. कॉयर, ऑर्गन, अकादमी आणि १८९६ मध्ये कॉन्झर्व्हॅटवारचं संचालकपद.

द्युब्वांनी रिकामी केलेली कॉयरची जागा १८७७ मध्ये गाब्रिएल फोरेंना मिळाली आणि १८९६ मध्ये ऑर्गनचीही. फोरेंची वाट या दोघांपेक्षा वाकडी. ते कॉन्झर्व्हॅटवारमध्ये शिकलेलेच नव्हते. चर्चसाठी वादक तयार करणाऱ्या निदरमेयर शाळेत ते शिकले आणि तिथे सँ-साँस त्यांचे शिक्षक होते. पहिली नोकरी रेन शहरातल्या चर्चमध्ये. तिथे ते रात्रभर नाचाच्या पार्टीत होते आणि सकाळी त्याच कपड्यांत थेट ऑर्गनवर येऊन बसले. नोकरी गेली.

मादलेनमध्ये १८८८ साली फोरेंनी एका अंत्यविधीला स्वतःचं ‘रेक्विएम’ कॉयरकडून गाऊन घेतलं. आज ती रचना जगभरचे कॉयर गातात. तेव्हा मात्र चर्चच्या धर्मगुरूंनी त्यांना बोलावून, असल्या नव्या गोष्टींची आपल्याला गरज नाही, असं सुनावलं होतं. त्या काळात फोरेंचा दिवस चर्चचं काम आणि शिकवण्या यांतच जायचा. स्वतःचं लिहायला वेळ मिळायचा तो उन्हाळ्याच्या सुट्टीत.

१९०५: रावेल बाद आणि पॅरिस पेटलं

फोरे १८९६ पासून कॉन्झर्व्हॅटवारमध्ये रचना शिकवू लागले. रावेल त्यांचाच विद्यार्थी. त्याने ‘प्री द रोम’साठी १९०० पासून अनेकदा प्रयत्न केले. १९०१ मध्ये एक खालच्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं, तेवढंच. दरम्यान त्याची पियानोवरची ‘झ्यू दो’ आणि त्याचं स्ट्रिंग क्वार्टेट लोकांपर्यंत पोहोचलं होतं. १९०५ मध्ये तो ३० वर्षांचा झाला. म्हणजे ही शेवटची संधी.

आणि तो पहिल्याच फेरीत बाद! फायनलला गेलेले सहाही जण शार्ल लनव्हू यांच्या वर्गातले. लनव्हू परीक्षक तर होतेच, शिवाय कॉन्झर्व्हॅटवारचे पुढचे संचालक म्हणून त्यांचंच नाव चर्चेत होतं. लेखक रोमँ रोलाँ यांनी रावेलच्या बाजूने लेखणी उचलली. रोलाँ काही रावेलचे मित्र नव्हते, म्हणून त्यांच्या शब्दाला जास्त वजन आलं.

रावेलच्या फ्यूगमध्ये नियमभंग होते, असं परीक्षकांच्या बाजूने सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण एका परीक्षकाचे सहा विद्यार्थी पुढे आणि दुसऱ्यांच्या वर्गातला एकही नाही, हे लोकांना पटवणं कुणालाच जमलं नाही.

त्याच वर्षी द्युब्वा पायउतार झाले. त्यांच्या जागी लनव्हू नाही, तर फोरे आले. जी संस्था त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिलीही नव्हती, तिचे ते आता प्रमुख होते.

फोरेंनी पहिला घाव परीक्षक मंडळावरच घातला. प्रवेश, परीक्षा आणि स्पर्धा यांसाठी बाहेरचे स्वतंत्र परीक्षक आणले. आपल्या खासगी शिकवणीच्या विद्यार्थ्यांना झुकतं माप देणाऱ्या प्राध्यापकांची वरकमाई बुडाली. काहींनी राजीनामे दिले. चिडलेल्यांनी फोरेंना ‘रोबेस्पिएर’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांना गिलोटिनवर चढवणारा तो.

याच वर्षांत फोरेंचा कान त्यांना सोडून चालला होता. ऐकू कमी येत होतं ते तर होतंच, पण उंच आणि खालचे स्वर त्यांना विकृत होऊन ऐकू यायचे. त्याच कानांनी परीक्षा ऐकत ते १९२० पर्यंत या पदावर राहिले.

आपल्या विद्यार्थ्याला परीक्षकाने मत देऊ नये, हा नियम आज अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये असतो. ऑर्गनच्या स्पर्धांना एक जास्तीची सोय आहे. वादक माळ्यावर आणि परीक्षक खाली, त्यामुळे चेहरा दिसतच नाही आणि नावाऐवजी नंबर देऊन भागतं. पण जग छोटं आहे. नेदरलँड्सच्या हार्लेममध्ये १९५१ पासून किंवा इंग्लंडच्या सेंट ऑल्बन्समध्ये १९६३ पासून होणाऱ्या स्पर्धांतले विजेते काही वर्षांनी स्वतः परीक्षकांच्या बाकावर दिसतात. मुरलेला परीक्षक वाजवण्याच्या ढंगावरून गुरू ओळखू शकतो. त्यावर नंबराचा उपाय चालत नाही.

१९०८: ऑर्गनवादक विरुद्ध ऑर्गनवादक

‘प्री द रोम’मध्ये स्त्रियांना भाग घ्यायला परवानगी मिळाली १९०३ मध्ये. १९०८ मध्ये नादिया बूलाँजे ही २० वर्षांची मुलगी स्पर्धेत उतरली. तिचे वडील अर्नेस्त यांनी हेच बक्षीस १८३५ मध्ये जिंकलं होतं. ती फोरेंची विद्यार्थिनी, उत्तम ऑर्गनवादक आणि मादलेनमध्ये फोरेंच्या जागी ऑर्गनवर बसलेली.

पहिल्या फेरीत फ्यूग गाणाऱ्या आवाजांसाठी लिहायचा होता. दिलेली सुरावट गळ्यापेक्षा तंतुवाद्यांना शोभते, असं नादियाला वाटलं आणि तिने तो सरळ स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लिहिला. सुरावट दिली होती सँ-साँस यांनी. ते भडकले. नियम मोडला, हिला बाहेर काढा, असा त्यांचा आग्रह होता.

एकाच चर्चच्या एकाच माळ्यावर, वेगवेगळ्या काळात बसलेली ही दोन माणसं. एकाला याच स्पर्धेने दोनदा नाकारलेलं, दुसरी पहिल्यांदाच दार ठोठावणाऱ्या स्त्रियांपैकी. प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं, मंत्र्यांपर्यंत पोहोचलं आणि निर्णय तिच्या बाजूने लागला. ती फायनलला गेली. पहिलं बक्षीस मात्र मिळालं नाही, दुसऱ्या श्रेणीतलं मिळालं. १९०९ मध्ये तिने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा काहीच मिळालं नाही.

सँ-साँस नियमाला धरून बोलत होते हे खरं. पण फ्यूग कसा आहे यापेक्षा तो कुणासाठी लिहिलाय यावर परीक्षक अडून बसला, तर स्पर्धा कसली घेतली जातेय, असा प्रश्न पडतोच.

पाच वर्षांनी, १९१३ मध्ये, नादियाची धाकटी बहीण लिली हिने पहिलं बक्षीस जिंकलं. संगीतात ते जिंकणारी ती पहिली स्त्री, वय १९. तोवर फोरे अकादमीचे सभासद झाले होते. पाच वर्षांनी लिली आजारपणात गेली.

नादियाने स्वतः रचना करणं हळूहळू थांबवलं. ती ऑर्गन वाजवत राहिली. आरन कोपलंडने तिच्यासाठी लिहिलेली ऑर्गन सिम्फनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा झाली, तेव्हा ऑर्गनवर तीच होती. १९३७ मध्ये तिने गायकांचा छोटा गट घेऊन मोंतेव्हेर्दीच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या आणि विसरलेलं संगीत पुन्हा लोकांच्या कानांवर पडलं. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीच्या मैफलीत कंडक्टर म्हणून उभी राहिलेली ती पहिली स्त्री ठरली. पण तिची खरी ओळख शिक्षिका म्हणून. पियाझोला, क्विन्सी जोन्स, फिलिप ग्लास हे सगळे तिचे विद्यार्थी. ग्लास तिच्याकडे शिकत असतानाच पॅरिसमध्ये त्याची रविशंकरांशी गाठ पडली. एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून द्यायचं काम त्याला मिळालं होतं.

१९६६ मध्ये मॉस्कोच्या चायकॉव्हस्की स्पर्धेने नादिया बूलाँजेंना परीक्षक म्हणून बोलावलं. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष होते पियानोवादक एमिल गिलेल्स. त्या वर्षी पियानोचं पहिलं बक्षीस गेलं ग्रिगोरी सोकोलोव्ह नावाच्या १६ वर्षांच्या मुलाकडे.