फडके : एका आडनावाची कूळकथा

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आडनावाचा एक रकाना असतो. बालकाचे नाव, मातापित्यांची नावे, धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे लिहून झाली की आमची लेखणी सवयीने त्या रकान्याकडे वळते आणि क्षणार्धात तो भरूनही जातो. बालकाच्या नावासाठी आईवडिलांनी महिनाभर विचार केलेला असतो. आडनावाचा विचार मात्र कोणी करीत नाही. ते आधीच ठरलेले असते. न निवडलेले, तरीही जन्मभर वागवायचे असे हे धन आहे तरी काय, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळदा येतो. त्याचे उत्तर शोधताना आमची पावले शिरढोणकडे वळली.

पनवेल सोडून पेणच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात हे गाव लागते. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका येथून जवळ आहे. या गावाने महाराष्ट्राला एक आडनाव दिले, असे कोणी म्हणाले तर ते काटेकोर अर्थाने खरे नाही. फडके हे आडनाव शिरढोणहून जुने आहे असेही नव्हे, अथवा ते तेथे जन्मले असेही नव्हे. परंतु त्या आडनावाला आज जो अर्थ आहे, त्यातील फार मोठा वाटा या गावाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठी घरात ‘फडके’ म्हणजे कापडाचा तुकडा. भांडी पुसायला फडके, भाकरी गुंडाळायला फडके. याहून साधी वस्तू घरात दुसरी नसेल. या अर्थामुळे संकोचून काही जण आडनावाचा संबंध ‘फड’ या शब्दाशी जोडतात. फड म्हणजे पेशवाईतील कचेरी. कुस्तीचा फड, तमाशाचा फड, उसाचा फड आणि वारकऱ्यांचे फडही आपल्या परिचयाचे आहेत. आणखी कोणाला ‘फडकणे’ हे क्रियापद आठवते आणि डोळ्यांपुढे निशाण उभे राहते. शब्द सारखे ऐकू आले म्हणजे त्यांचे मूळ एकच, असे मानण्याचा मोह व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने टाळावयास हवा. व्याकरण मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. काळा–काळे, गोरा–गोरे, साना–साने या जोड्यांप्रमाणे आडनावाच्या अखेरचा एकार हा अनेकवचनाचा, म्हणजे आदराचा आहे. मूळ शब्द कितीही साधा असो, मराठीने त्याला ‘अहो’ म्हणून हाक मारली आहे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या आडनावाचा अर्थ कधी विचारलाच नसेल. पोर्तुगीज भाषेत परेरा हे नासपतीचे झाड, मच्याडो ही कुऱ्हाड, सिल्वा म्हणजे अरण्य आणि सोझा ही पोर्तुगालातील एक नदी. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र, लोपीस म्हणजे लोपोचा. आणि लोपो या नावामागे लॅटिनमधील लांडगा दडलेला आहे! झाड, कुऱ्हाड, नदी, लांडगा आणि फडके – आडनावांची जन्मकथा सर्वत्र अशीच लहानशी असते. त्यांत कोणी श्रेष्ठ नाही, कोणी कनिष्ठ नाही.

महाराष्ट्रात गावावरून पडलेली आडनावे विपुल आहेत. परंतु पेणला राहणाऱ्याला पेणमध्ये कोणी पेणकर म्हणत नाही. तो गाव सोडून परक्या गावी गेला म्हणजे त्याला ते नाव मिळते. शिरढोणचे फडके ‘शिरढोणकर’ झाले नाहीत. आपले आडनाव त्यांनी तसेच जपले. पेशवाईत ते दरबारी कागदपत्रांत ठळकपणे दिसते ते हरिपंत फडके यांच्यामुळे. हरि बल्लाळ फडके हे त्यांचे पूर्ण नाव. बारभाईंच्या कारस्थानात ते होते, १७७५ साली अडासच्या लढाईत त्यांनी रघुनाथरावांचा पराभव केला, आणि १७९२ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत श्रीरंगपट्टणापुढे मराठी फौजेचे ते एक सेनापती होते. १७९४ साली ते निवर्तले.

शिरढोणच्या घराण्याची कथा कर्नाळ्याशी जोडलेली आहे. हा किल्ला अनेकांनी पाहिला. १५४० च्या सुमारास तो परत मिळविण्यासाठी वसईच्या पोर्तुगिजांची मदत घेण्यात आली होती. पुढे तो शिवछत्रपतींच्या स्वराज्यात आला. आणि १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला. त्या वेळी तेथे किल्लेदार होते अनंतराव फडके, असे सांगितले जाते. याच अनंतरावांच्या नातवाचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणास झाला. ते वासुदेव बळवंत.

वासुदेव बळवंतांनी पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत वर्षानुवर्षे नोकरी केली. आई आसन्नमरण असता रजा मिळाली नाही, ही जखम त्यांच्या मनात राहिली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली आणि १८७९ च्या फेब्रुवारीत शस्त्र हाती घेतले. २० जुलै १८७९ रोजी विजापूरच्या बाजूला देवर नावदगी येथे ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचा बचाव केला. शिक्षा जन्मठेपेची झाली आणि त्यांना एडनला नेण्यात आले. फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचे दार बिजागऱ्यांसह उखडून ते निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी देह ठेवला. शस्त्रांचा मार्ग योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद असू शकतील. परंतु उपाशी माणसांसाठी एका कारकुनाचे हृदय पेटले, हे कोणी नाकारू शकणार नाही.

येथे आम्हाला थांबावेसे वाटते. वासुदेव बळवंतांच्या पाठीशी प्रामुख्याने कोण उभे राहिले? रामोशी. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि त्यांनी पळस्पे व चिखली येथे छापे घातले. पळस्पे म्हणजे शिरढोणच्या शेजारचेच गाव. लूट घेऊन परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव ठार झाले. ‘नाईक’ हे त्यांचे आडनाव म्हणावे तर ती त्यांची मानाची पदवी आहे, आणि ‘रामोशी’ ही जात. त्यांच्याबरोबर लढलेल्या कित्येकांची ओळख तर ‘रामोशी’ या एका शब्दापलीकडे आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही. फडके या आडनावाची कूळकथा लिहिता येते. या माणसांची लिहिता येत नाही. आडनाव आठवण जपते, हे खरे. पण ज्यांना आडनावाचा रकानाच मिळाला नाही, त्यांना तेच आडनाव झाकूनही टाकते.

पुढे या आडनावाची कीर्ती वाढतच गेली. कादंबरीकार ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी ते घरोघरच्या वाचकांपर्यंत नेले. सुधीर फडके (१९१९–२००२) यांचे जन्मनाव रामचंद्र. त्यांनी नाव बदलले, आडनाव नाही, आणि १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणाने ते साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी आले. इतिहासकार य. दि. फडके (१९३१–२००८) यांनी त्याला चिकित्सक अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. पुण्याचा फडके हौद, डोंबिवलीचा फडके रस्ता आणि पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह यांमुळे हे नाव रोज हजारोंच्या तोंडी असते. १९८४ साली वासुदेव बळवंतांचे टपाल तिकीटही निघाले.

तरीही एक विशेष गोष्ट आम्हाला जाणवते. ज्यांच्यामुळे शिरढोणचे नाव झाले, त्यांचा उल्लेख मराठी माणूस आजही बहुधा ‘वासुदेव बळवंत’ असाच करतो. त्यांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव पुरते. आडनाव गळून पडते. मोठी माणसे आडनावाने मोठी होत नाहीत, आडनाव त्यांच्यामुळे मोठे होते, हेच लोकांनी नकळत सांगून ठेवले आहे.

शिरढोणला वासुदेव बळवंतांचा वाडा आहे, स्मारक आहे. तेथे जाणाऱ्याने थोडी वाट वाकडी करून पळस्प्याकडेही पाहावे आणि दौलतरावांचे स्मरण करावे. आणि आम्ही? पुढच्या वेळी नोंदवहीतील तो रकाना भरताना आमची लेखणी क्षणभर थांबेल. शब्द कापडाचा असो की कुऱ्हाडीचा, त्यात अर्थ भरण्याचे काम आमच्यापुढे रडत असलेल्या त्या चिमुकल्या जिवाकडे आहे.