इंजिनाचे दोषनिदान, जुन्या मोटारीचे

लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या मोटारीच्या इंजिनातील बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धत. नव्या गाडीत बहुधा एकच भाग बिघडलेला असतो. जुन्या गाडीत झिजलेल्या रिंगा, तडकलेले रबरी पाइप, गंजलेली वायरिंग आणि साचलेली काजळी एकाच वेळी हजर असतात, आणि एकाचे खापर सहज दुसऱ्यावर फुटते. म्हणून तपासणी स्वस्त व बाहेरच्या भागांपासून सुरू करून आत न्यावी. इंजिन ‘संपले’ म्हणून आणलेल्या गाडीचा दोष पुष्कळदा प्लग, कॉइल, फिल्टर किंवा फाटक्या पाइपात निघतो.

प्रथम तक्रार नेमकी करून घ्यावी लागते. पिकअप कधी पडतो, गार असताना की तापल्यावर, सपाटीला की चढावर, हे कळले की अर्धे काम होते. ऑइल किती लागते याची नोंदही महत्त्वाची आहे. दर हजार किलोमीटरला एक लिटरच्या आसपास वरून ओतावे लागत असेल, तर ते केवळ वयाचे लक्षण म्हणून सोडून देता येत नाही. मात्र आधी बाहेरची गळती पाहावी.

धूर पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, पण ते कुठून येते हे धुराच्या वेळेवरून ओळखावे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच एक झोत येत असेल, किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर निघत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. चढावर सतत धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर. थंडीत सकाळी दिसणारी आणि थोड्या वेळात विरणारी वाफ निर्दोष असते. गाडी तापल्यावरही टिकणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर मात्र कूलंट जळत असल्याचे दाखवतो. ऑइलच्या झाकणाखालील दुधाळ साय पाहून लगेच हेड गॅस्केट गेले असे ठरवू नये. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती साध्या दमटपणानेही जमते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट घटत असेल तर संशय पक्का होतो.

प्लग क्रमाने काढून शेजारी-शेजारी मांडावेत. निरोगी सिलिंडरच्या प्लगचे टोक बदामी किंवा राखाडी असते. कोरडी काजळी जादा पेट्रोलची, ओला काळा थर ऑइलचा. बाकीचे मळलेले असताना एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता मोठी.

इंजिन खोलण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजलेच पाहिजे. आकडे न घेता हेड उतरवणे म्हणजे ग्राहकाच्या पैशाने अंदाज करणे. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, इंधन व इग्निशन बंद आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवतात. पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १० ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी. सिलिंडरांमधील फरक एकूण आकड्याइतकाच बोलका असतो. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर दोहोंमधले गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. आणखी खात्रीसाठी सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात: ती ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह; रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेले हेड.

घाटात तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. ती घातक आहे. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जळते, झीज वाढते आणि तुंबलेला रेडिएटर किंवा थकलेला वॉटर पंप तसाच राहतो.

आवाजांत वरून येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची, गार असताना येऊन तापल्यावर जाणारी खडखड पिस्टनची, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारा जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढून ठोका कुठे मंदावतो ते पाहिले की दोषी सिलिंडर सापडतो. असा ठोका येत असताना गाडी चालवू नये.

भारतात एप्रिल २०१० पासून भारत स्टेज ४ बरोबर ओबीडी ही स्वयंनिदान व्यवस्था आली. तिचा कोड लक्षण सांगतो, भाग नव्हे. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. तेवढ्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलणे चूक. स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती आयडलिंगला खूप वाढलेली आणि अडीच हजार फेऱ्यांवर जवळजवळ शून्य दिसली, तर कुठेतरी व्हॅक्यूम पाइप हवा ओढतो आहे. वेगाबरोबर ती वाढतच गेली तर फ्युएल पंप किंवा फिल्टर तपासावा. कार्बुरेटर असलेल्या जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत स्कॅनर जोडायची सोयच नाही. तेथे पीयूसी तपासणीचे आकडे कामी येतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण दाट, हायड्रोकार्बन एकटेच जास्त असतील तर एखादा सिलिंडर मिस होत आहे.

रिंगा व बोअर झिजल्याचे सिद्ध झाले तरच ओव्हरहॉलचा विचार येतो. तेव्हा बोअरची झीज व लंबगोलपणा डायल गेजने मोजून पाहतात. मर्यादेत असेल तर नुसत्या रिंगा बदलतात. नसेल तर बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन घालतात.