जुने यंत्र सोडावे केव्हा?

बँक, विमा कंपनी, साखर कारखाना, तहसील कचेरी या सर्वांचे हिशेब आता संगणकावर चालतात. संगणकाला काम सांगणाऱ्या ज्या आज्ञावल्या, ज्यांना आपण सॉफ्टवेअर म्हणतो, त्या एकदा लिहून संपत नाहीत. एक पद्धत अंगवळणी पडते न पडते तोच दुसरी पुढे येते. मग आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे आणि त्यांच्यावर विसंबणाऱ्या संस्थांपुढे प्रश्न पडतो, की जुने सोडून नवे धरावयाचे केव्हा? घाई केली तर चालता व्यवहार विस्कटतो, आणि उशीर केला तर जुन्याचे ओझे मानगुटीस बसते. ग्रहणासारखी या गोष्टीची तिथी आगाऊ सांगता येत नाही हे खरे. तथापि मागील इतिहास पाहिला, तर काही खुणा मात्र स्पष्ट दिसतात.

१९५९ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने '१४०१' नावाचा संगणक जाहीर केला. त्याची स्मरणशक्ती फार झाले तर सोळा हजार अक्षरांची. परंतु पगारपत्रके आणि खतावण्या यांच्या कामी तो इतका उपयोगी ठरला, की असे दहा हजारांवर संगणक तयार झाले. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेल कंपनीच्या कचेरीत तो आला. आपल्याकडील व्यापारी कामाच्या संगणकांत तो अगदी पहिल्यांपैकी होय.

पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी त्याच कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही नवी मालिका जाहीर केली. तिची रचना मुळातच निराळी. १४०१ साठी लिहिलेल्या आज्ञावल्या तिच्यावर जशाच्या तशा चालण्याजोग्या नव्हत्या. मग वर्षानुवर्षे लिहून घेतलेले काम गिऱ्हाइकांनी फेकून द्यावयाचे काय? कंपनीने यावर तोड काढली. नव्या मालिकेतील काही यंत्रांत जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करण्याची सोय ठेवली. त्यामुळे जुने काम नव्या यंत्रावर चालू ठेवून सवडीने नवे लिहिता आले. नदीवर पूल बांधून झाल्यावर होडी सोडावी, तसा हा प्रकार होय.

आपल्याकडे मात्र निराळे घडले. १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनीने १४०१ ची विक्री बंद केली, तरी भारतात ही यंत्रे पुढेही राबत राहिली. बाहेर वापरून झालेली यंत्रे मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करून येथे भाड्याने दिली जात. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशात यात सर्वस्वी अविचार होता असे म्हणता येणार नाही, कारण पगारपत्रक जुन्या यंत्रावरही बिनचूक निघते. यंत्र जुने झाले एवढ्यावरून ते टाकावे असे होत नाही. पण १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानंतर भागभांडवलाविषयी सरकारशी मतभेद झाले आणि १९७८ साली आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. यंत्रे येथे राहिली, पण त्यांचा कर्ता राहिला नाही. देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली म्हणून व्यवहार निभावले. म्हणजे पहिली खूण ही, की यंत्र चालते की नाही यापेक्षा त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, हे आधी पाहावे.

दुसरी खूण जाणकारांची. मोडी कागदांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. कागद शाबूत, शाई शाबूत. परंतु वाचणारे विरळ झाले आणि घरोघरची दप्तरे मुकी झाली. आज्ञावल्यांचेही तसेच होते. पूर्वी स्मरणशक्ती महाग आणि छिद्रांच्या कार्डावर जागा अवघी ८० रकान्यांची. म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची रीत पडली. १९०० आणि २००० यांतील फरक अशा यंत्राला कळावा कसा? २००० साल उजाडेल हे कोणाही पंचांगाशिवाय ठाऊक होते. तरी दुरुस्ती शेवटच्या काही वर्षांवर ढकलली गेली, आणि जुनी कोबोल भाषा जाणणारे लोक जगभर शोधत हिंडावे लागले. त्यातून भारतीय कंपन्यांना पुष्कळ काम मिळाले. पण ज्यांनी ते दिले त्यांनी दिरंगाईचीच किंमत मोजली.

यावरील उपायाचा विचार पुण्यातही झाला. १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रात असे साधन घडले, की कामाचे स्वरूप आधी नमुन्याच्या रूपाने मांडावे आणि त्यावरून हव्या त्या यंत्रासाठी आज्ञावली तयार करावी. कामाचे ज्ञान एका जागी आणि यंत्र दुसऱ्या जागी ठेवले, म्हणजे यंत्र बदलताना ज्ञान हरवत नाही.

राहिली तिसरी खूण. ती भांडगावच्या शेतकऱ्यास कोणा तज्ज्ञापेक्षा अधिक कळेल. सातबारा हाताने लिहिला जाई, तो संगणकावर आला. त्यात क्षेत्राचा एक आकडा चुकला किंवा वारसाचे एक नाव गळले, तर पीककर्ज अडते आणि भाऊबंदकी पेटते. म्हणून २०१७ साली महसूल खात्याने चावडीवाचनाची मोहीम घेतली. संगणकातील उतारे गावासमोर वाचून दाखवावयाचे, हस्तलिखिताशी ताडून पाहावयाचे आणि चुका टिपावयाच्या. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. जुन्या वहीचा आणि नव्या यंत्राचा मेळ बसला आहे, असे ज्याची जमीन आहे तो म्हणू शकेल, तेव्हाच जुनी वही मिटावी.

तात्पर्य, कर्ता पाठ फिरवू लागला आणि जाणकार विरळ होऊ लागले, की निघण्याची तयारी सुरू करावी. आणि ताळा जुळेपर्यंत जुने हातचे सोडू नये. निघण्याची तयारी लवकर आणि सोडण्याची क्रिया सावकाश, हा क्रम ज्यांनी उलटा केला, त्यांनाच बदल महाग पडला.