बंपरला रंग का बसत नाही?

गेल्या महिन्यात सोसायटीच्या बेसमेंटमधल्या खांबाशी माझ्या गाडीची गाठ पडली. दार चेपलं, बंपर खरवडला. गॅरेजमधले पेंटरकाका म्हणाले, "दाराचं काय नाय, पण बंपरला आधी हे मारावं लागतं. नायतर रंग सालपटासारखा निघतो." 'हे' म्हणजे डब्यातलं पारदर्शक काहीतरी. झाकण उघडलं आणि माझ्या डोक्यात झिणझिण्या! काका मात्र नाकाला साधा रुमाल बांधून निवांत. "वास? मला आता कुठलाच वास येत नाय."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शनिवार-रविवार वाचण्यातच गेला :)

तर मंडळी, ही गोष्टही वीकेंडलाच सुरू होते. मार्च १९३३. इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांनी इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली ठेवला. सोमवारी भांडं उघडलं तर आत मेणासारखा पांढरा पदार्थ. हेच पॉलिथिन. १९३५ मध्ये प्रयोग पुन्हा जमला, तोही नशिबानेच. गळती झाली म्हणून जास्तीचा इथिलीन भरला आणि त्यात नेमका हवा तेवढा ऑक्सिजन निघाला! दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलवर हेच आवरण होतं. पाणी, ॲसिड, कशालाच दाद न देणारं प्लास्टिक. १९५४ मध्ये इटलीत नाट्टाने त्याचं भावंड पॉलिप्रॉपिलीन बनवलं. पुढे बंपर त्याचेच झाले.

आता हा गुण छापणाऱ्याला आणि रंगवणाऱ्याला मात्र नडला. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत झिस्मनने १९५० च्या सुमारास वेगवेगळ्या पृष्ठभागांवर थेंब ठेवून त्यांचे कोन मोजले. द्रव पसरायचा तर त्याचा पृष्ठताण घन पदार्थापेक्षा कमी हवा. पॉलिप्रॉपिलीनचा आकडा ३० डाइनच्या आसपास, पाण्याचा ७२. म्हणजे पाणी अळूच्या पानावरच्या थेंबासारखं नुसतं घरंगळणार.

उपाय निघाले. पिशव्यांवर छापण्याआधी प्लास्टिकवरून ज्वाला किंवा विजेच्या ठिणग्या फिरवायच्या, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्सिजन जोडला जातो. पण नाक्यावरचं गॅरेज हे कुठून करणार? तिथे आलं क्लोरीन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन. मूळ साखळी प्लास्टिकच्या जातीची, आणि क्लोरीनमुळे रंगाशीही सोयरीक. दोन्हीकडचा पाहुणा म्हणा ना!

मला वाटायचं, टोल्युइन-झायलीन नुसते विरघळवायला घालत असतील. पण नाही. ते प्लास्टिकची वरची कातडी फुगवतात, त्या फटींत साखळ्या शिरतात आणि द्रावक उडून गेला की तिथेच गुंतून बसतात. म्हणजे तो वास कामाचा होता. फक्त उडून जातो कुठे, तर काकांच्या नाकात.

१९९० च्या अमेरिकी कायदादुरुस्तीत टोल्युइन आणि झायलीन घातक हवा-प्रदूषकांच्या यादीत आले, आणि कंपन्यांना पाणी आठवलं. म्हणजे जे पाणी या प्लास्टिकला शिवतही नाही, त्यातूनच त्याला चिकटवायचं! मग रेझिनचे बारीक कण दुधातल्या स्निग्धांशासारखे पाण्यात तरंगत ठेवले. पाण्याचा पृष्ठताण उतरवायला साबणाच्या जातीची रसायनं घातली. पण फुगवणार कोण? उष्णता. साधारण ८० अंशांच्या भट्टीत कण मऊ होऊन एकजीव होतात आणि प्लास्टिकच्या कातडीत गुंततात. गाडीच्या कारखान्यात भट्टी असतेच, तिथे हे छान जमतं.

हे सगळं मी उत्साहाने काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि भट्टी कुठाय? उन्हात ठेवू?"

बंपर मंगळवारी मिळाला. रंग मस्त धरलाय. काकांसाठी मास्क शोधतोय. साधा धुळीचा चालत नाही, सक्रिय कोळशाचं काडतूस असलेलाच लागतो, आणि ते काडतूस वेळोवेळी बदलावं लागतं. पहिली दोन मी देणार आहे, तिसऱ्याचं मालकाशी बोलायचंय.